मेथी निवडताना फक्त मेथी

महोदय,

वडील गेल्यानंतर वर्षभर माझे शरीर घरात आणि मन रुग्णालयाच्या बाकावर होते. ‘वेळीच नेले असते तर’ हा विचार रात्रंदिवस डोक्यात घोळत असे. समुपदेशक ताईंनी एवढेच सांगितले, की मेथी निवडताना फक्त मेथी निवडा. पहिल्या दिवशी चार काड्यांतच मन पळाले. पण मुळांची ओली माती, बोटांना लागणारा हिरवा डाग, देठापासून सुटणारे कोवळे पान यांकडे त्याला पुन्हा पुन्हा आणत गेले, तेव्हा कित्येक महिन्यांनी श्वास मोकळा झाला.

हार्वर्ड विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जागेपणीचा सुमारे ४७ टक्के वेळ मन हातातल्या कामात नसते आणि भरकटलेले मन कमी सुखी असते, असे आढळले होते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यान केंद्रातील दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवातही येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्यानेच होते. मात्र तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाला नुसते ‘वर्तमानात जगा’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे. तिथे डॉक्टरच हवेत. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आपल्या दैनिकाने रोज पहिल्या पानावर छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नाशिक