गोठ्यावरची कौलं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कौलं उतरवून पत्रे घालायचं ठरवलंत ते योग्यच केलंत. वानरं दरवर्षी कौलं फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, आणि या वयात तुम्ही शिडीवर चढलेलं मला चालणार नाही. पण गोठ्यावरची कौलं तेवढी या पावसाळ्यापुरती ठेवाल का?

पाऊस, ओढा, पाखरू आणि माझी बासरी यांचं जे संगीत मी करतेय, त्यासाठी गेल्या आषाढात अंगणात माइक लावून मी तासभर पाऊस रेकॉर्ड केला होता. पुण्याला येऊन ऐकला, तर कढईत भजी सोडल्यासारखी नुसती चरचर. फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, पाऊस ज्यावर पडतो त्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. केळीच्या पानावर टपटप, पन्हळीखालच्या हंड्यात खोल घुमणारा, आणि कौलांवर मऊ, दबका. पत्र्यावर एवढा ताशा वाजतो की बासरीला जागाच उरत नाही. मला कौलांखाली बसून ऐकलेला पाऊस हवा आहे.

आई, तू फोनवर विचारलंस, गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, मग लोक ऐकणार काय? अगं, अंथरुणात पडल्यापडल्या ओढ्याच्या आवाजावरून तू साकव बुडाला की नाही ते सांगायचीस. तसं कान देऊन ऐकावं असं काही मला करायचंय.

ओढ्यावरचा तो शीळ घालणारा पक्षी, शीळकरी कस्तूर, मात्र रेकॉर्डिंगमध्ये छान मिळालाय. पहाटे अंधारातच सुरू होतो, रानातून कुणी पोरगा शीळ घालत निघाल्यासारखा. बासरी तार सप्तकात गेली की त्याच्या शिळेवर चढते, दोन्ही गढूळ होतात. म्हणून बासरी मी मंद्रातच ठेवली आणि वरची जागा त्याला दिली. त्याचा सूर आपल्या षड्जाला जुळत नाही. तो ओढून सुरात बसवायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, पण मी त्याला हात लावला नाही. उलट तानपुराच त्याच्या जवळच्या सुरात लावला.

इकडे मागची खोली आता स्टुडिओ झालीय. तुझ्या चार गोधड्या भिंतींना टांगल्यात. त्यांनी टाळीचा खणखणाट जातो, खर्जाची घूं मात्र कोपऱ्यात साचून राहते. त्यासाठी रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) जाड गठ्ठे करून उभे केलेत. तरी रिक्षा थांबल्यावर, म्हणजे रात्री दोननंतरच बासरी वाजवते. (जागरणाबद्दल ओरडू नका, सकाळी झोपते.)

जूनच्या शेवटी आठ दिवस येते. रेकॉर्डर सेलवर चालतो. फ्रीजची, इन्व्हर्टरची घरघर 50 हर्ट्झवर आणि तिच्या पटींत रेकॉर्डिंगमध्ये शिरते, ती नंतर पुसायला गेलं की पाऊसही थोडा पुसला जातो. तेव्हा त्या दिवसांत रात्री लाईट गेली तर बाबा, इन्व्हर्टर लावू नका, मला हाक मारा. आणि पन्हळीखालचा तांब्याचा हंडा मोडीत देऊ नका.

तुमची,
ताई