टाच जमिनीवर ठेवायला शिकवणाऱ्या मॅडमना

नागपूर

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या मुलीपेक्षा लहान आहात, तरी ‘मॅडम’ याखेरीज दुसरे संबोधन मला सुचत नाही, आणि तुम्ही मला ‘काकू’ म्हणता तेही मनापासून आवडते. हे पत्र शनिवारी बॅले नृत्याच्या वर्गानंतर तुमच्या हातात देता आले असते. परंतु हाड मोडल्यानंतर पुन्हा पायांवर उभे राहू पाहणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय केलेत ते कळावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, शेजारच्या मुलांचे लाकडी नंदी सजवायला निघाले असताना, अंगणाच्या ओल्या पायरीवर माझे उजवे पाऊल आत मुरगळले आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार टाकायचा नव्हता. मग वॉकर आला, मग काठी. सत्तावीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून भूमिती शिकवलेल्या मला त्या सत्रात खुर्चीत बसून शिकवावे लागले. ‘आता या वयात चालता आलं तरी पुष्कळ,’ असे मला एका ठिकाणी सांगण्यात आले होते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण ते वाक्य ऐकल्यावर कित्येक दिवस मी व्यायामाचा कागद उघडला नव्हता.

तुमच्या वर्गात मी आले ती शेजारच्या मुलीला सोडायला. काठी भिंतीला टेकवून बाकावर बसले होते, आणि समोर आठ-दहा मुली भिंतीलगतच्या लोखंडी नळीवर हात ठेवून, टाचा जमिनीवरून न उचलता, गुडघे सावकाश वाकवत होत्या. ती हालचाल मी ओळखली. टाच टेकलेली ठेवून गुडघा पुढे भिंतीला लावायचा, हा व्यायाम मला फिजिओथेरपिस्टनी दिवसातून तीन वेळा करायला सांगितला होता, आणि मी तो औषधासारखा, तोंड वाकडे करून उरकत होते. त्या मुली मात्र तेच करताना मान उंच ठेवून, हात हळूहळू उघडत, पेटीवरच्या सुरांबरोबर खाली जात होत्या आणि वर येत होत्या. या हालचालीला देमी-प्लिए म्हणतात, प्लिए म्हणजे वाकलेला, आणि चौदाव्या लुईने 1661 साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी स्थापन केल्यापासून या कलेची परिभाषा फ्रेंचच राहिली आहे, हे तुम्ही मला नंतर सांगितलेत. त्या संध्याकाळी मला एवढेच कळले की माझ्या कंटाळवाण्या व्यायामाला एक सुंदर घर आहे.

मी विचारले तेव्हा तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत, याबद्दल माझे पहिले आभार. तुम्ही माझे कागद मागितलेत, माझ्या परवानगीने फिजिओथेरपिस्टशी बोललात, कोणत्या दिशेला पाऊल वळू द्यायचे नाही ते विचारून घेतलेत आणि आठवड्याने मला बोलावलेत. त्या दिवशी भिंतीपासून अंगठा किती अंतरावर ठेवला तर टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो, हे तुम्ही पट्टीने मोजलेत: डाव्या पायाचे 11 सेंटीमीटर, उजव्याचे 2. वहीत ते आकडे लिहिलेत आणि म्हणालात, ‘काकू, तुमचा प्लिए या दोन सेंटीमीटरचा. पण दोनच्या दोन बरोबर हवेत.’

मॅडम, या पत्राचे खरे कारण ते वाक्य आहे. दुखापत झालेल्या आणि वय झालेल्या माणसाला लोक दोन प्रकारे वागवतात. काही जण घाई करतात, आणि बरेच जण सूट देतात: ‘जमेल तसं करा, तुम्हाला कुठे कार्यक्रमात नाचायचंय!’ त्या सुटीत माया असते, पण शिकणाऱ्याकडून काही अपेक्षा नसते. तुम्ही मात्र हालचालीचे माप कमी केलेत आणि तिची रीत तसूभरही ढिली होऊ दिली नाहीत. गुडघा जेमतेम वाकत असला तरी तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच जायला हवा, पाठ लंबात राहायला हवी आणि टाच उचलली जाण्याच्या आधल्या क्षणी थांबायला हवे. सात वर्षांच्या मुलींना जे सांगत होता तेच, त्याच आवाजात, मला सांगत होता. मी इतकी वर्षे शिक्षिका आहे, पण मागे पडलेल्या विद्यार्थ्याला असे शिकवणे मला नेहमी जमले असे म्हणता येणार नाही.

पावले बाहेर उघडण्याच्या बाबतीतही हेच झाले. टाचा जुळवून पहिल्या स्थितीत उभे राहायचे तर मुलींसारखी पावले जास्तीत जास्त आडवी करावीत, असे मला वाटत होते. हे उघडणे खुब्याच्या सांध्यातून यायला हवे, खुबा देतो त्याहून अधिक कोन पावलांनी जमिनीवर रेटून मिळवला तर त्याची पिळवणूक गुडघ्याला आणि घोट्याला सोसावी लागते, हे तुम्ही मला उताणे झोपवून, पाय खुब्यातून फिरवून दाखवलेत. माझा कोन दोन्ही पावलांत मिळून 90 अंशांहून कमी भरतो. तो माझा स्वतःचा आहे आणि मी त्यावर समाधानी आहे.

टाचा उचलण्याची, म्हणजे रेलेवेची, परवानगी मिळायला मला अडीच महिने लागले. दोन्ही पायांवर भार सारखा वाटून, नळीसमोर तोंड करून, फक्त चार वेळा. त्या वेळी वजन करंगळीकडे गेले की तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सांगत होता, ‘काकू, पाऊल विळा होतंय.’ घोटा असा बाहेर कलंडला की पाऊल विळ्यासारखे आत वळते, आणि माझे हाड मोडले ते नेमके त्याच दिशेला वळून. म्हणून मुलींच्या बाबतीत जी दिसण्यातली चूक होती ती माझ्या बाबतीत धोक्याची होती, हे तुमच्या मनात पहिल्यापासून पक्के होते. पुढे तुम्ही नळी घट्ट धरू नका, तिच्यावर नुसता हात ठेवा, असे सांगितलेत. मग एका पायावर उभे केलेत. मग डोळे मिटायला लावलेत. सांध्याच्या भोवतीच्या अस्थिबंधांत पाऊल कुठे कसे आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात आणि दुखापतीनंतर ती जाणीव मंदावते, हे मी फिजिओथेरपीत ऐकले होते. ती परत येताना कशी वाटते, हे मला तुमच्या वर्गात डोळे मिटून उभी असताना समजले. पावलाच्या तळव्यात सतत बारीक बारीक हालचाल सुरू असते, आणि एके दिवशी ती आपोआप होऊ लागते.

लहान वाटणाऱ्या दोन गोष्टी मला इथे नोंदवायच्याच आहेत. पहिली बुटांची. माझे उजवे पाऊल संध्याकाळी सुजत असल्यामुळे तुम्ही मला दोन वेगळ्या मापांचे कापडी बूट घ्यायला लावलेत, आणि त्यांचा इलॅस्टिकचा पट्टा शस्त्रक्रियेच्या व्रणावर दाबतो आहे हे पाहून तो उसवून, दोन बोटे पुढे सरकवून, स्वतःच्या हाताने पुन्हा शिवून दिलात. मी काहीही बोलले नव्हते. माझा चेहरा पाहूनच तुम्हाला ते कळले.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपला वर्ग ज्या सभागृहात भरतो तिथे इतर दिवशी भरतनाट्यम चालते आणि खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी आहे. त्या फरशीवर तुम्ही कोणालाच उडी मारू दिली नाहीत, मुलींचे पालक कुरकुरले तरीही. मग उन्हाळ्याच्या सुटीत प्लायवुडचे दोन थर आणि त्यांखाली फोमचे चौकोनी तुकडे लावून तुम्ही एका कोपऱ्यात दबणारी जमीन तयार करून घेतलीत. बाहेर 45 अंशांचे ऊन असल्याने तेव्हा वर्ग सकाळी साडेसहाला भरत असे आणि वाळ्याच्या कूलरचा ओला वास खोलीभर पसरलेला असे. त्या कोपऱ्यात, फिजिओथेरपिस्टनी होकार दिल्यानंतर, मी दोन्ही पायांनी आठ छोट्या उड्या मारल्या: प्लिएमधून वर आणि उतरताना आधी बोटे, मग चवडा, मग टाच, आणि पुन्हा प्लिए. कागदाची घडी सरकेल इतकीच हवा माझ्या पावलांखाली आली असेल. शेजारची मुलगी टाळ्या वाजवत होती. तुम्ही मात्र म्हणालात, ‘सातव्या उडीत टाच टेकली नाही.’ खरोखरच टेकली नव्हती.

पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे ते कडक बूट मला कधी घालता येतील का, असे मी एकदा विचारले होते. त्यासाठी पावलात वर्षानुवर्षे साठवलेली ताकद लागते आणि पट्टी बसवलेल्या या घोट्यावर तुम्ही ते बूट चढवू देणार नाही, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. गोड बोलून टाळले असते तर मी आशा धरून बसले असते. तुमच्या नकारामुळे मी मऊ बुटांतल्या नाचाकडे पूर्ण मनाने वळले.

परवा मोजले तेव्हा उजव्या पायाचा आकडा 8 होता. डॉक्टरांनी दिवाळीनंतर पट्टी आणि स्क्रू काढायचे ठरवले आहे, त्यामुळे काही आठवडे मला पुन्हा बाकावर बसावे लागेल. त्या काळातही मी वर्गाला येईन, हातांच्या हालचाली बसल्या जागी करीन आणि इतरांना दिलेल्या दुरुस्त्या वहीत उतरवून घेईन. खिडकीजवळची नळीची जागा तेवढी कोणाला कायमची देऊ नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
शनिवारच्या वर्गातील काकू