आई-बाबा, सेल घेण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

रिचार्ज होणारे सेल घ्यावेत का, असं बाबांनी परवा विचारलं. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही आणि सांगितलेलं लक्षातही राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. आधी माझं मत. सेल जरूर घ्या, पण घरातल्या सगळ्या वस्तूंत घालत सुटू नका. बीपीचं मशीन, टॉर्च आणि कॉर्डलेस फोन, एवढ्यांसाठीच घ्या. भिंतीवरच्या घड्याळात साधाच सेल राहू दे. घड्याळाला करंट इतका कमी लागतो की एक सेल वर्षभर सहज पुरतो. तिथे चार्जिंगची उठाठेव करून काहीच वाचत नाही.

बीपीच्या मशीनची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. त्यातली मोटर पट्टा फुगवताना एकदम जोरात करंट ओढते. साधे सेल निम्मे उतरले की तो झटका त्यांना झेपत नाही आणि मशीन मध्येच बंद पडतं. चांगल्या रिचार्जेबल सेलना मात्र असंच काम मानवतं. बाबा, तुम्ही म्हणालात की साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि यांच्यावर १.२, म्हणजे हे कमजोर. तसं नाही. अल्कलाइन, म्हणजे आपला साधा सेल १.५ वर सुरू होतो आणि वापरू तसा सतत खाली उतरत जातो. निकेलचा, म्हणजे हा रिचार्ज होणारा सेल बहुतेक वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी पडतो. फक्त बॅटरीची खूण थोडी आधीच ‘कमी’ दाखवेल, कारण ती अल्कलाइनच्या हिशेबाने बसवलेली असते. घाबरू नका. मात्र मशीनच्या पुस्तिकेत रिचार्जेबल सेल वापरू नका असं छापलेलं असेल, तर माझं नव्हे, पुस्तिकेचं ऐका.

आता घ्यायचे कुठले? सेलवर ‘निकेल-मेटल हायड्राइड’ किंवा ‘एनआय-एमएच’ असं लिहिलेलं हवं. त्यातही ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ प्रकारचे. जुन्या पद्धतीचे निकेल सेल नुसते पडून राहिले तरी महिन्यात बरेच रिकामे होत. टॉर्च लागायची तेव्हा नेमकी मंद! जपानच्या सान्यो कंपनीने २००५ मध्ये ‘एनेलूप’ आणले, तेव्हा ही अडचण सुटली. या प्रकारचे सेल वर्षभर ठेवूनही बहुतांश भरलेले राहतात. आता अशा सेलचे बरेच ब्रँड आहेत.

मोठ्या आकड्यांना भुलू नका. सेलमध्ये किती वीज मावते ते ‘एमएएच’मध्ये लिहिलेलं असतं. पेन्सिल सेलला, म्हणजे डबल एला, २००० एमएएच पुष्कळ झाले. बारीक ट्रिपल ए असेल तर ७५० ते ८००. पेन्सिल सेलच्या आकारात निकेलची मजल फार तर २८०० च्या आसपास जाते. कुणी त्यावर ४००० छापलं असेल तर तो सेल हातातही धरू नका. २५०० वाले खरे असतात, पण ते तुलनेने कमी वेळा चार्ज होऊन थकतात. यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते शेवटपर्यंत पूर्ण दाबाने चालतात आणि मग काहीही न सांगता बंद होतात. टॉर्च तशी विझलेली मला नको आहे. आणि पेन्सिल सेलच्याच मापाचा ३.७ व्होल्टचा सेल दिसला तर तो आपल्या कुठल्याही वस्तूत घालायचा नाही, वस्तू जळेल.

चार्जरवर थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ देत. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला स्मार्ट चार्जर घ्या. सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, ते ओळखून असा चार्जर त्या एका सेलचं चार्जिंग थांबवतो. जोडीनेच चार्ज करणारे किंवा घड्याळ लावल्यासारखे ठरावीक तास चालणारे चार्जर अर्धा भरलेला सेलही तितकाच वेळ तापवत राहतात आणि त्यातच तो मरतो. चार्जर ५०० मिलीअँपिअर करंट देत असेल तर २००० एमएएचचा सेल भरायला साडेचार-पाच तास लागतात. शेवटी तो कोमट होतो, ते ठीक आहे. हाताला चटका बसला तर काढून ठेवा.

आई, सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ते जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातलं आहे. आता उलट करायचं. टॉर्च मंदावली की लगेच बंद करून सेल काढायचे. एका रांगेतले सेल तळापर्यंत वापरले तर त्यातल्या अशक्त सेलमधून बाकीचे उलटा करंट ढकलतात आणि तो कायमचा बिघडतो. म्हणूनच एकत्र आणलेले सेल एकत्रच राहू देत. त्यांच्यावर मार्करने एकच खूण कर. जुना-नवा किंवा साधा-रिचार्जेबल अशी जोडी लावू नकोस.

साधा सेल चार्जरमध्ये चुकूनसुद्धा जाता कामा नये. आत वायू तयार होऊन तो गळतो, कधी फुटतोही. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, आणि डबे प्लास्टिकचेच. सुटे सेल किल्ल्यांसोबत खणात टाकले की दोन्ही टोकं जोडली जाऊन ते भयंकर तापतात. वजनकाट्यातल्या चपट्या बटण सेलचंही चार्जिंग होत नाही. ते नातवंडांच्या हाती लागणार नाहीत असे उंचावर ठेवा. गिळला गेलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तसा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा.

बाबा, बीपीच्या मशीनमध्ये किती सेल बसतात आणि ते जाड की बारीक, एवढं बघून कळवा. कॉर्डलेस फोनच्या आतल्या सेलवर काय लिहिलंय तेही वाचून सांगा. मग नेमके कुठले मागवायचे ते मी सांगते.

तुमची लेक