एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह : जोडप्यांच्या मदत निधीसाठी आवाहन

सर्व सभासद व हितचिंतकांस सस्नेह नमस्कार.

एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांचा आपला गट सुरू झाला तेव्हा बसायला खुर्च्याही उसन्या आणल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी निवृत्तीनंतर घराची पुढची खोली दिली, बाहेर पाटी मात्र लावू दिली नाही. येणाऱ्याला शेजारपाजारची भीती नको, म्हणून. दार त्या स्वतः उघडत. औषधांच्या दुकानवाल्या बंधूंनी कंडोमची खोकी वर्षानुवर्षं न मागता पोचवली, आणि जुन्या खजिनदारांनी तर कितीतरी जणांना स्कूटरवर मागे बसवून तपासणीला नेलं. इतिवृत्तात आभार नोंदवले आहेत, पण तेवढ्याने भागत नाही.

तेव्हा आपण जोडप्यांना ‘जपा’ याहून फारसं काही सांगू शकत नव्हतो. 2011 साली एचपीटीएन 052 या अशाच जोडप्यांवरच्या संशोधनातून कळलं, की पॉझिटिव्ह जोडीदाराने एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी रोजची औषधं, लवकर सुरू केली तर दुसऱ्याला त्याच्याकडून होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दर मिलिलिटरला 200 च्या खाली असलेल्या जोडप्यांमध्ये, कंडोम न वापरताही, जोडीदाराकडून एकही लागण आढळली नाही. गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एका ताईंनी पदरातून नवऱ्याचा रिपोर्ट काढला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे आम्हाला मूल होऊ शकतं ना?” होऊ शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने, पण होऊ शकतं.

अडतं ते दुसरीकडेच. घरच्यांना कळू नये म्हणून डबीवरचं लेबल खरवडून गोळी लपवायची, पाहुणे आले की डोस चुकवायचा. असे डोस चुकत गेले की विषाणू पुन्हा वाढतो. औषधं सुरू केल्यावर लोड खाली यायला सहा महिन्यांपर्यंतचा वेळ लागू शकतो. रिपोर्टमध्ये तसं दिसेपर्यंत कंडोम हवाच, निगेटिव्ह जोडीदाराला प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची, गोळीही घेता येते. या काळात कंडोम फाटला तर पेप (संपर्कानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध) 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस पूर्ण करायला हवं. हे रात्री-अपरात्री फोनवर सांगणारं माणूस लागतं. आपल्या समुपदेशकताई ते करतात. त्यांचं मानधन थकलं आहे.

मागच्या आवाहनाला मोजकेच प्रतिसाद आले. काहींनी देणगी दिली, पण ‘या यादीत आमचं नाव छापू नका’ असा निरोपही धाडला. नाव गाळलं. स्नेहसंमेलनाच्या फलकावर मात्र हीच नावं ठळक लागतात. वाईट वाटलं, एवढं लिहायला हरकत नसावी.

निधी समुपदेशन, तपासणीचा प्रवासखर्च व निगेटिव्ह जोडीदाराची वेळच्या वेळी तपासणी यांसाठीच वापरला जाईल. धनादेश संस्थेच्या नावे, मागे ‘जोडपी निधी’ लिहावे. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. महिनाअखेरपर्यंत पोचावे. सोबतीला जाण्यासाठी स्वयंसेवकही हवेत, स्त्रिया विशेष करून. गुप्तता पाळू न शकणाऱ्यांनी कृपया देणगीच द्यावी.

आपला,
चिटणीस