मृगाच्या आधी माती अडवायचीय, मदत करा

नमस्कार मंडळी,

पाड्याच्या उतारावर माती अडवायला बांध घालायचेत, त्याचा मागचा मेसेज बहुतेकांनी वाचला, निळ्या टिका दिसल्या मला, उत्तर आलं चौघांचं. त्यातले दोघे आपल्याच कमिटीतले. असो. मृग तोंडावर आलाय म्हणून परत लिहितोय, रागावू नका.

त्र्यंबककडचा आपला पाडा सगळ्यांना माहीतच आहे. नाशिकहून पहिल्यांदा गेलो तेव्हा फराळ, वह्या, जुने स्वेटर एवढंच डोक्यात होतं. मग गंगापूर रोडच्या आपल्या डॉक्टर ताईंनी महिन्यातून एकदा तपासणी सुरू केली, स्वतःच्या गाडीत औषधं भरून, पेट्रोलचा एक रुपया कधी घेतला नाही, आणि त्यांनीच पहिल्यांदा बोलून दाखवलं की ही पोरं दर पावसाळ्यात तेच जुलाब घेऊन येतात, मी गोळ्या देऊन किती पुरी पडणार. रविवार कारंजावरच्या काकांनी विहिरीला कठडा बांधून दिला (नाव टाकू नका म्हणाले, म्हणून टाकत नाही, पण ओळखलं असेलच). सिडकोतल्या काकूंनी तर लागलेली अख्खी भिशी हातात ठेवली. आणि आयटीआयची पोरं, मागच्या उन्हाळ्यात नुसत्या पिठलं-भाकरीवर उताराच्या वरच्या टप्प्यात दगडी बांध रचून गेली. तो तुकडा एकदा येऊन बघा, बांधामागे वीतभर माती साचली आणि खरिपाला तिथे नागली (नाचणी) उभी राहिली. छाती फुगते हो.

खालच्या अंगाला मात्र नुसता मुरूम उघडा पडलाय. झाडोरा गेला, उतार उघडा, पाऊस त्र्यंबकचा, वरची काळी माती ओढ्यात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, जायला दोन-चार जोरदार सरी पुरतात. तीच माती विहिरीत उतरते. गढूळ पाण्यात टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकली तरी जंतू गाळाच्या कणांआड लपतात, पावडरीचा अर्धा जोर गाळातच खर्च होतो. मग जुलाब. मग ताई ओआरएससोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या देतात. आता गंमत बघा, झिंक जमिनीतून दाण्यात आणि दाण्यातून पोटात जायचं असतं, पण वरचा कसदार थर वाहून गेला की त्यातलं झिंकही जातं. नागलीत तांदळापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम, तीच कमी पिकते आणि बायका रेशनच्या तांदळावर दिवस काढतात. जमीन पोसत नाही म्हणून दिवाळी झाली की अर्धा पाडा द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे, लेकरं सोबत, अंगणवाडीचा आहार सुटतो, लस चुकते. ताईंच्या वहीत हे सगळं वेगवेगळ्या आजारांच्या नावाने लिहिलेलं असतं, मूळ एकच.

आणि हे फक्त पाड्याचं दुखणं नाही बरं का. तिकडचं पाणी गंगापूर धरणात येतं आणि तिथून आपल्या नळाला. गाळ साचला की धरणात पाणी कमी मावणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. सिंहस्थ जवळ आला म्हणून गोदा स्वच्छ हवी असं ग्रुपवर सगळे लिहितात, देखाव्याची वर्गणी एका दिवसात जमते, पण मातीचं नाव काढलं की शांतता. बोललो, सोडून द्या.

लागणार काय तर पहारी, घमेली, बांधावर लावायला वाळ्याचे ठोंब, तुरटी, ट्रॅक्टरचं डिझेल, दोन वेळचं जेवण. शंभर द्या, हजार द्या, घरात पडलेली पहार दिली तरी चालेल. पैसे नेहमीच्याच खात्यावर किंवा खजिनदारांच्या क्यूआरवर, नोटमध्ये ‘माती’ लिहा, पावती मिळेल, ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) अजून झालेलं नाही, कृपया परत विचारू नका. श्रमदान येते तिन्ही रविवार, पहाटे साडेपाचला सीबीएस बसस्थानकाजवळ आपल्या चहावाल्यापाशी, टोपी आणि पाण्याची बाटली आपापली, चपला नको बूट घाला.

गाडीत नऊ सीट आहेत, आत्तापर्यंत नावं आलीत तीन.

आपला,
सेक्रेटरी