जुन्या लॅपटॉपला जीवदान देणाऱ्या दोघांचे आभार

बाबांचा लॅपटॉप २०१३ सालचा. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही. त्यातच एक दिवस तो सुरूच होईना. भंगारात द्या, असं दोन ठिकाणी ऐकलं. आत बाबांनी लिहिलेल्या जुन्या इंदूरच्या आठवणी होत्या.

रामबागेतल्या दादांनी घाई केली नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) नुसतं चालवलं, इन्स्टॉल न करता. पडद्यावर ‘आठवणी’ हे फोल्डर दिसलं तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर गेल्या, उघडून तपासल्या, मगच मिंट कायमचं बसवलं. हा क्रम त्यांनी पाळला म्हणून सगळं वाचलं!

लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड मात्र एका ताईंनी रात्री फोनवरून सांगत बसवून दिला. ‘ळ’ सापडेपर्यंत त्या थांबल्या.

पैसे कुणीच घेतले नाहीत. दादांनी फक्त पोहे-जिलेबी खाल्ली. नाव नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. दादा, ताई, मनापासून आभार. बाबा आत्ता राजवाड्यावरचं प्रकरण टाइप करताहेत.