रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहिले

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही, तुम्ही वाचलंत तर तुम्हाला पहिल्या चार ओळींत कळेलच. कोल्हापूर, दुसरा मजला, जनरल वॉर्डच्या टोकाची खिडकीजवळची कॉट, आणि त्या कॉटवर एसटीतून रिटायर झालेला एक चिडका कंडक्टर, जो तुम्हाला तिसऱ्या रात्री "सुट्टे नाहीत" म्हणाला होता. तापात होते हो. आमचे अण्णा. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तुमची सुट्टी होती, मी पेढ्यांचा बॉक्स वॉर्डात ठेवून आलो, पण पेढे ठेवणं म्हणजे काय आभार नव्हेत, आणि मला जे म्हणायचंय ते दोन मिनिटांत उभ्या उभ्या म्हणण्यासारखं पण नव्हतं.

आधी काय झालं होतं ते सांगतो, कारण तुम्ही आमच्या गोष्टीत बऱ्याच उशिरा आलात. अण्णांची दाढ दुखायला लागली, गाल सुजला, दातांच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन नावाच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, दाढ निघाली, सगळे खूश. आणि कोर्स संपल्यावर चार-पाच दिवसांनी जुलाब सुरू. आम्हाला वाटलं बाहेरची मिसळ बाधली, कारण आमच्याकडे पोटाचं काहीही झालं की आई पहिला आरोप मिसळीवरच ठेवते. मग एका दवाखान्यात गेलो, तिथं जुलाबाला म्हणून आणखी एक अँटिबायोटिक दिलं आणि सोबत जुलाब बांधायच्या गोळ्या. दाताच्या गोळ्यांचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, दाढेचा आणि पोटाचा काय संबंध, असंच डोक्यात. त्यात अण्णा कितीतरी वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी खातात तेही सांगायचं राहिलं. बारा दिवस असे गेले. दिवसाला दहा-बारा वेळा. शेवटी चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले तेव्हा ॲडमिट केलं.

आता ती रात्र. तीन वाजले असतील. मी स्टुलावर बसून डुलक्या देत होतो, अण्णांचं परत झालं, डायपर बदलायला तुम्ही आलात, मावशी दुसऱ्या पेशंटकडे होत्या म्हणून तुम्ही स्वतः केलंत. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तीस-पस्तीस वर्षं खाकी घालून भरल्या गाडीत पुढनं मागं "चला आत सरका" करत फिरलेला माणूस, त्याला लाज वाटत होती, आणि खरं सांगू, मलाही वाटत होती. तुम्ही डायपर गुंडाळलात आणि तिथंच थांबलात. मास्क जरा खाली केलात, परत वर केलात. मला म्हणालात, "दादा, यांना यायच्या आधी कुठलं अँटिबायोटिक चालू होतं? आठवून सांगा, कशासाठीपण असूदे." मी दाढेचं सांगितलं. तुम्ही नुसतं "हां" म्हणालात.

मग तुम्ही कॉटच्या दांडीला अडकवलेली सॅनिटायझरची बाटली काढून घेतलीत. मला वाटलं संपली असेल. तर म्हणालात, "ह्यानं ते मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, दर वेळी." आणि मला बेसिनपाशी नेऊन लहान पोराला दाखवावं तसं दाखवलंत, बोटांच्या मधे, अंगठ्याच्या मुळाशी, नखं तळहातावर घासून. पहाटे तीन वाजता. मी इंजिनियर माणूस, करोनात दोन वर्षं त्याच बाटलीवर जगलेला, मला जरा रागच आला होता, माफ करा.

सकाळच्या राउंडला तुमची ड्युटी संपली होती तरी तुम्ही थांबलात आणि डॉक्टरांना हळू आवाजात म्हणालात, "सर, सी डिफ पाठवूया का?" डॉक्टरांनी एकदा फाइलकडे बघितलं आणि लगेच हो म्हणाले, त्यांचाही मोठेपणा, बरेच जण नर्सनं सुचवलं म्हणून तोंड वाकडं करतात. आणि अण्णांच्या शीचा नमुना तुम्ही वॉर्डबॉयच्या हाती लगोलग पाठवलात, टेबलावर ठेवू नको, सरळ लॅबला दे, म्हणून दोनदा बजावलंत. नंतर वाचल्यावर कळलं की त्यातलं जंतूनं सोडलेलं विष साध्या तापमानाला पडून राहिलं की नासत जातं आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणजे तो डबा जर चहाच्या कपाशेजारी दुपारपर्यंत बसला असता तर आज मी हे पत्र लिहीत असतो का माहीत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, म्हणजेच तुमचा सी डिफ, आतड्यात त्रास देणारा एक जंतू. मी नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर रात्र रात्र जागून वाचत बसलो, आता आमच्या ऑफिसात मला संडासाचे प्रोफेसर म्हणतात.

तुम्हाला हे सगळं माहीतच असणार, पण मला जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, जसं पोरगं शाळेतून आल्यावर आईलाच पाढे म्हणून दाखवतं. हा जंतू पहिल्यांदा सापडला १९३५ साली, तोही कुठे तर ठणठणीत तान्ह्या बाळांच्या शीमध्ये! वाढवायला फार अवघड गेला म्हणून नावच डिफिसिल. बाळांना तो काही करत नाही. पुढे चाळीसएक वर्षं कुणी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही, मग १९७० च्या दशकात क्लिंडामायसिन घेतलेल्या पेशंटांची आतडी सुजायला लागली, आणि १९७८ मध्ये कळलं की करणारा हाच. म्हणजे आमच्या अण्णांची दाढ आणि जुलाब हा संबंध माझ्या जन्माच्या आधीपासून पुस्तकात छापलेला आहे. असो.

का होतं हे मात्र मला फार भारी वाटलं. आपल्या अंगात साधारण ३० लाख कोटी पेशी आणि जवळजवळ ३८ लाख कोटी बॅक्टेरिया, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं मिळून वजन फक्त पावशेराच्या आत. हा हिशोब २०१६ साली नव्याने मांडला गेला, त्याआधी पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असं सगळे बिनधास्त छापायचे. तर ही वस्ती तिथं फुकट राहत नाही. आपण जी पित्ताची आम्लं आतड्यात सोडतो त्यांना हे बॅक्टेरिया बदलून टाकतात. मूळ रूपातलं पित्त डिफिसिलच्या बीजाणूंना, म्हणजे कवचात झोपून राहिलेल्या जंतूंना, जागं करतं, आणि बदललेलं पित्त त्यांना वाढू देत नाही. अँटिबायोटिकनं दाढेतल्या जंतूंसोबत ही वस्तीपण उठवली, पित्त बदलणारं कुणी उरलं नाही, आणि एसटी स्टँडवर रिकामी गाडी लागल्यावर खिडकीतून रुमाल टाकतात तसा हा आत येऊन पसरला. आणि त्याचे बीजाणू म्हणजे चिलखतातले, अल्कोहोलनं मरत नाहीत, साबणानंही मरत नाहीत, फक्त पाण्याबरोबर हातावरून वाहून जातात. म्हणून ती तुमची बेसिनवरची शाळा. घरी आल्यावर अण्णांचा संडास वेगळा ठेवला, ब्लीचिंगच्या पाण्यानं रोज धुतला, घरात ऐंशी पार केलेली आजी आहे, तिला काही झालं नाही. ते तुमच्या खात्यात.

आणि वासाचं. मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्हाला कसं कळलं, तुम्ही म्हणालात, "वास वेगळा असतो हो, पण वासावर औषध देत नाहीत, टेस्टच करायची." तर सिस्टर, ॲमस्टरडॅममध्ये एका हॉस्पिटलनं क्लिफ नावाच्या बीगल कुत्र्याला हाच वास शिकवला होता, २०१२ मध्ये ते छापून आलं, वॉर्डात फिरवला तर ३० पेशंटांतले २५ त्यानं बरोबर ओळखले, नुसतं कॉटजवळून जाऊन. तुमची कुत्र्याशी तुलना करतोय असं समजू नका, त्याला दोन महिने शिकवावं लागलं आणि त्यानं कुणाचं डायपर बदललं नाही.

औषधाचा किस्सा अण्णा अजून सगळ्यांना सांगतात. व्हँकोमायसिन लिहून दिलं, मी खाली मेडिकलमधून आणलं तर ते इंजेक्शनची कुपी निघाली. मी सलाइनकडे बघतोय आणि तुम्ही कुपीत दहा एमएल पाणी घालून हलवलंत, अडीच एमएल सिरिंजमध्ये ओढून कपात सोडलंत, थोडं सरबत घातलंत आणि म्हणालात, "आजोबा, प्या." अण्णा म्हणाले, "इंजेक्शन टोचायचं असतंय, प्यायचं नसतंय." तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते अण्णांना एका फटक्यात समजलं, की हे शिरेतून दिलं तर आतड्यात पोचत नाही आणि प्यायलं तर रक्तात जात नाही, जिथं भांडण आहे तिथंच पोलीस उतरवायचा. दिवसातून चार वेळा, दहा दिवस. चौथ्या दिवशी अण्णांनी स्वतःहून भूक लागली म्हणून सांगितलं, आई कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली.

इथं गोष्ट संपली असं तुम्हाला वाटत असेल. नाही संपली. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी परत सुरू झालं. पाचातल्या एकाला तरी परत होतं म्हणे, कारण औषध त्या जंतूला मारतं पण उठून गेलेली वस्ती परत आणत नाही. अण्णा पार खचले. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही नंबर दिला होता म्हणून, आणि तुम्ही ड्युटीवर असूनही उचललात. म्हणालात, घाबरू नका, बांधायच्या गोळ्या अजिबात देऊ नका, उद्याच घेऊन या.

तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तो दुसरा उपाय सांगितला, निरोगी माणसाचा मल घेऊन, गाळून, नळीनं पेशंटच्या आतड्यात सोडायचा. आई म्हणाली शी. मीपण मनात तेच म्हणालो. पण वाचलं तर १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी हे चार मरणाच्या दारातल्या पेशंटांवर करून छापलंय, आणि नेदरलँड्समध्ये २०१३ ला नीट तुलना करून बघितलं तर सोळा जणांपैकी तेरा जण एकाच डोसात बरे, आणि नुसतं व्हँकोमायसिन घेतलेल्या तेरांपैकी चारच. फरक इतका की ती ट्रायल मधेच थांबवावी लागली. मी डोनर व्हायला तयार झालो. लोकांची पोरं बापाला किडनी देतात, मी काय देणार होतो ते पाहुण्यांना कसं सांगायचं याची आईला जास्त काळजी. माझ्या रक्ताच्या न् शीच्या एवढ्या तपासण्यांची यादी दिली की लग्नाच्या वेळी बघतात त्याहून कडक. पण ती वेळ आली नाही, डॉक्टरांनी व्हँकोमायसिन या वेळी हळूहळू कमी करत काही आठवडे चालवलं आणि ते लागू पडलं. ॲसिडिटीची गोळीही त्यांनी तपासून बंद केली.

खाण्याचं मी तुम्हाला विचारलं होतं, त्या महागड्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत चांगल्या बॅक्टेरियांच्या, कुप्या आणू का म्हणून. तुम्ही म्हणालात डॉक्टरांना विचारा, आणि हळूच, "घरात नाचणी नाही का तुमच्या?" पुढं इस्राएलमधला २०१८ चा अभ्यास वाचला, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांची स्वतःची वस्ती उलट उशिरा परत आली. म्हणजे बाहेरच्यांनी सीट धरून ठेवली की घरच्यांना उभंच. अर्थात एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण मी कुप्या थांबवल्या, डॉक्टरांना विचारूनच. अण्णांना पचायला लागलं तसं आईनं पेज, मग ताकातली नाचणीची आंबील, मग भाजी-भाकरी, मग उसळ असं चढवत नेलं. आपल्याला न पचणारा कोंडा, चोथा खालच्या मंडळींचं जेवण असतं, ते खाऊन ती ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बहुतेक त्याच्यावरच जगतात. आमची आजी "पोटात कोंडा गेला पाहिजे" म्हणायची तेव्हा आम्ही हसायचो. आंबिलीनं अण्णा बरे झाले असं मी म्हणत नाही हां, व्हँकोमायसिननं झाले. व्हॉट्सॲपवर आता रोज येतं, पोट साफ तर डिप्रेशन माफ, आतड्यातले बॅक्टेरिया बदला वजन घटवा. २००६ मध्ये लठ्ठ उंदरांचे बॅक्टेरिया दुसऱ्या उंदरांत घातले तर त्यांची चरबी जास्त वाढली हे खरंय, पण उंदराला झालं म्हणून आमच्या काकूंनी पावडरीचा डबा मागवायची गरज नव्हती. डिफिसिलच्या बाबतीत जेवढं पक्कं कळलंय तेवढं बाकी ठिकाणी अजून कळायचंय, हे त्यांना सांगायला गेलो तर त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.

पण मला आभार कशाचे मानायचे होते ते राहतंच आहे. औषध डॉक्टरांनी दिलं, टेस्ट लॅबनं केली. तुम्ही अण्णांच्या शीकडे नाक न मुरडता बघितलंत. बारा दिवस आम्ही, म्हणजे मी पोटचा पोरगा, ते पटकन गुंडाळून, फ्लश करून, वर फिनाइल ओतून संपवत होतो, दवाखान्यात "कसं होतंय" विचारलं तर अण्णा माझ्याकडे बघायचे आणि मी "पातळ" एवढंच सांगायचो. तुम्ही तेच रंग कसा, चिकट आहे का, रात्री उठवतं का, असं भाजीचा भाव विचारावा तसं विचारलंत, आणि अण्णांनी भिंतीकडचं तोंड फिरवून तुम्हाला स्वतः सगळं सांगितलं. त्या रात्री मी ते पहिल्यांदा ऐकलं.

आता बरे आहेत. सहा किलो गेले होते, चार परत आले. मागच्या महिन्यात दुसरी दाढ दुखली तर दातांच्या डॉक्टरांकडे खिशातून कागद काढून दाखवला, माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय, कुठली गोळी, कधी, काय झालं होतं. डॉक्टरांनी वाचला आणि या वेळी अँटिबायोटिकची गरजच नाही म्हणाले, दाढ नुसती साफ करून भरली.

गुऱ्हाळं सुरू झालीत. अण्णांनी तुमच्यासाठी काकवीची बरणी काढून ठेवलीय आणि ती स्वतःच आणून देणार म्हणून हट्ट धरलाय. सध्या रात्रपाळी आहे की दिवसाची तेवढं कळवा. आणि हो, येताना आमच्या हाताला साबणाचाच वास असेल, बेसिनवर लाल वडी आहे, आजीसुद्धा अंगठ्याच्या मुळाशी घासते.

तुमच्या खिडकीजवळच्या कॉटवाल्या अण्णांचा मुलगा